पाखऱ्यानं काय खाल्लं होतं

लुधियानाजवळून,
९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,

धाकट्या चंदनचा पाया पडून नमस्कार. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. तू तिकडे खुशाल नाही हे मायनं फोनवर सांगितलं, म्हणून ते नेहमीचं सर्व क्षेमचं वाक्य गाळून टाकलं.

तुझा फोन पोळ्यापासून बंद येऊन राहिला. मायच्या फोनवर बोलावलं तर तू खोलीतून येत नाही म्हणते. मग काय करणार, डेअरीच्या मुनीमजीकडून पाकीट मागून घेतलं. मी सातवीत मास्तरच्या सायकलची हवा सोडून घरी आलो तेव्हापासून दोन पानं एकदम लिहायची ही पहिलीच वेळ. चुका काढत बसू नको. गुराढोरांची डॉक्टर झाली म्हणून सगळ्याच गोष्टीले सुई लावायची नसते.

पाखऱ्या गेला हे मले गाडीतून उतरल्यावर समजलं. विश्वास बसला नाही. पोळा फुटल्यावर मी निघालो तेव्हा भेटून निघालो त्याले. शिंगाले बेगड, अंगावर झूल, नवरदेवासारखा उभा होता. माझा तळहात चाटला त्यानं, अजून खरखरीत लागते. बाबा गेल्यावर मोठेबाबानं आपल्या दोघाले अन् पाखऱ्या-लाल्याच्या जोडीले सारखंच वाढवलं. मोठेबाबाचं काय झालं असेल हे मी समजू शकतो.

पण ताई, तू काहून खोलीत बसली? माय म्हणे तू राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला, नोव्हेंबरअखेर रजा संपली की देणार. गावच्या ग्रुपवर कोण्या पोट्ट्यानं तुझा व्हिडिओ टाकला, तू हातात सुई घेऊन पाखऱ्याजवळ बसलेली, अन् खाली लिहिलं की मॅडमनं बैल मारला. मी पाहिला तो. मले फक्त तुझी ओढणी चिखलात पडलेली दिसली.

मी आजवर सात कामं सोडली. सुरतचा लूम सोडला, पुण्याचा टेम्पो सोडला, नांदगाव पेठची मिल तर तीन दिवसात. सोडण्याचं काम या घरात माझ्याकडे आहे. ते तू घेऊ नको.

तिथं नेमकं काय झालं ते लिही. मी दीडशे गाईमागं शेण काढतो, थोडं समजेल मलाही.

मायले नमस्कार, मोठेबाबाले दंडवत. लोभ फोनसारखा बंद करू नको, एवढंच मागणं.

तुझा,
चंदन


मोर्शी,
२१ सप्टेंबर २०२५

चि. चंदनास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. पहिल्या नऊ ओळींतच चौदा चुका आहेत, पण मास्तरांच्या सायकलीची गोष्ट इतकी वर्षं आम्हाला माहीत नव्हती, ती आता कळली.

काय झालं विचारतोस, तर लिहिते. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी मला उठवलं. पाखऱ्या बसलेला, उठेना. दात खात होता, पोटाची डावी बाजू फुगलेली, डोळे आत गेलेले. असं दिसलं की डॉक्टरनं पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो, काय खाल्लं. मी तो चारदा विचारला. मायला विचारलं, गड्याला विचारलं, मोठेबाबांना दोनदा. सगळे म्हणाले की रिवाजाप्रमाणे पाच पुरणपोळ्या आणि रोजचा कडबा, बाकी काही नाही.

मग मी नुसता गॅस झालाय असं धरून चालले. तेल पाजलं, औषध दिलं, पोटात सुई घालून हवा काढली. दुपारी पातळ शेण पडलं, त्याला आंबट वास होता. तो वास मला आला होता, चंदन. आंबट वास म्हणजे पोटात दाणा सडतो आहे हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. पण घरची माणसं सांगतात दाणा दिलाच नाही, आणि मी घरच्यांचं ऐकलं. दाणा म्हणून धरलं असतं तर सोडा पाजला असता, सलाइन लावलं असतं, वेळ पडती तर पोट उघडून दाणा बाहेर काढला असता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. कापून पाहावं म्हटलं तर मोठेबाबा म्हणाले, पोळ्याच्या बैलाला सुरी लागणार नाही. हळद-कुंकू लावून शेताच्या धुऱ्यावर पुरला.

तेव्हापासून मोठेबाबा माझ्याकडे पाहत नाहीत. मी ओसरीत आले की ते उठून गोठ्यात जातात. गावानं काय म्हणायचं ते म्हणू दे. पण ज्यांनी संत्र्याच्या बागेतला तुकडा विकून मला शिकवलं, त्यांच्या बैलावर माझा हात चुकला. हा हात आता दुसऱ्याच्या गोठ्यात कोणत्या तोंडाने घालू?

ऑफिसातून कागद आलाय. डॉक्टरकीची नोंदणी चालू ठेवायची तर मधूनमधून शिकवणीचे वर्ग करावे लागतात. नोव्हेंबरात अकोल्याला तीन दिवसांचा वर्ग आहे. मी जाणार नाही. जी नोकरीच सोडणार तिनं शिकून काय करायचं?

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझी माया आहे ती असू दे.

तुझी ताई,
वर्षाली


लुधियानाजवळून,
४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,

चंदनचा नमस्कार. तुझं पत्र तीनदा वाचलं.

इकडची एक गोष्ट सांगतो. गेल्या सोमवारी प्रीतम म्हणून माझ्या जोडीचा पंजाबी पोरगा, त्याच्याकडून दाण्याच्या खोलीचं दार उघडं राहिलं. एका गाईनं आत घुसून गहू खाल्ले. सकाळी ती बसली ते उठेना, दात खायला लागली. डॉक्टर साब आले, पहिलं तेच विचारलं, काय खाल्लं. प्रीतमनं लगेच सांगितलं. मालकाच्या शिव्या खाल्ल्या, पण सांगितलं. साबनं बादलीभर सोडा पाजला, सलाइनवर सलाइन लावल्या. गाय वाचली. काल दूधही दिलं तिनं थोडंसं.

प्रीतमनं सांगितलं म्हणून वाचली. बाकी काही नाही.

तू अकोल्याले जाजो. माझी शप्पथ समज, नाहीतर नको समजू, पण जाजो. तिथं तुझ्यासारखेच डॉक्टर राहतील. तू सगळ्यांसमोर सांग की तुले आंबट वास आला होता. कोणीतरी म्हणेल तुले काय ते. मी म्हणून काय उपयोग, मी शेण काढणारा.

आज हात चालून नाही राहिला. दिवाळीले मी येत नाही. मायले सांगजो की सुट्टी भेटली नाही. भेटली होती, पण तिले तसंच सांगजो.

आशीर्वाद आहे तेवढा राहू देजो.

चंदन


अकोला,
१३ नोव्हेंबर २०२५

चि. चंदनास,

आशीर्वाद. आले बाबा अकोल्याला. तुझ्या शपथेनं नाही, मायनं माझी पिशवी भरून मला बसस्टँडवर नेऊन उभं केलं म्हणून आले.

दिवसा वर्ग असतात. नवीन लशी, नवीन मशीन, कुणी पडद्यावर चित्रं दाखवतं, मागच्या बाकावर दोघं झोपतात. खरा वर्ग संध्याकाळी चहानंतर. वामनराव म्हणून निवृत्त डॉक्टर आहेत, सत्तरीचे, कानाला यंत्र. ते सगळ्यांना खुर्च्या गोल मांडायला लावतात आणि म्हणतात की जी केस हातून गेली ती सांगा, वाचवलेली कुणी सांगायची नाही. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना. मग त्यांनीच स्वतःची सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी धामणगावकडे एका म्हातारीची एकुलती म्हैस त्यांच्या हातून गेली. दर पावसाळ्यात त्या गावावरून जाताना ते घर दिसू नये म्हणून ते अजून बसमध्ये खिडकीची बाजू बदलून बसतात, म्हणाले.

काल मी पाखऱ्याची सांगितली. वासाचंही सांगितलं. वाटलं होतं हसतील. कुणी हसलं नाही. अचलपूरकडचा एक दांडगा डॉक्टर आहे, त्यानं नुसता आपला रुमाल माझ्याकडे सरकवला. वामनराव सर म्हणाले की लक्षणं दाण्याचीच आहेत, त्यात शंका नाही. आणि वासावर विश्वास न ठेवणं ही माझी चूक आहे, ती माझीच राहील, ती कुणी पुसून देणार नाही. पण त्यांनी आणखी एक विचारलं. त्या घरातल्या सगळ्यांना विचारलं का? मी म्हटलं, सगळ्यांना. ते म्हणाले, कुणीतरी एक राहिलाय, आठवून बघ.

रात्रभर आठवलं. कुणीच राहिलं नाही. कुणी परका येऊन टाकून गेला असेल का?

सरांनी जाताना एक फोन नंबर लिहून दिला. आमच्यासारख्या डॉक्टरांनी कधीही फोन करावा, पलीकडे डॉक्टरच असतो, उपदेश करत नाही, ऐकतो. चिठ्ठी पर्समध्ये ठेवलीय. राजीनामाही अजून खणातच आहे. तीस तारखेपर्यंत काय ते ठरवीन.

तू दिवाळीला का आला नाहीस? खरं कारण लिही. माया कमी होणार नाही.

ताई


लुधियानाजवळून,
१९ नोव्हेंबर २०२५

ताई,

नमस्कार.

तुझ्या त्या सरांनी बरोबर विचारलं. एक जण राहिला.

पोळ्याच्या दिवशी सगळे तोरणाखाली गेले, जोडी मिरवून आली, माय ओवाळून आत गेली. माझी बॅग भरलेली होती. मी गोठ्यात गेलो. पाखऱ्यानं मान वर केली. मले वाटलं, वर्षभर हा ओझं ओढते अन् एका दिवशी पाच पोळ्या, हे काय जेवण झालं? आदल्या दिवशी आपण त्याच्या खांद्याले हळद-लोणी चोळून आवतन दिलं होतं, उद्या जेवायले ये म्हणून. जेवायले बोलावलेल्या माणसाले असं अर्धपोटी उठवतात का? दळणासाठी काढलेल्या गव्हाचं टोपलं ओसरीत होतं. मी ते भरलेलं टोपलं त्याच्यापुढं उलटं केलं. लाल्यालेही दिले असते, पण त्याचं तोंड तिकडं होतं, अन् ऑटोवाला हॉर्न देऊन राहिला होता. पाखऱ्या खात होता तेव्हा मी त्याच्या कपाळावर हात ठेवून उभा होतो. मले भल्ली खुशी वाटली. त्या टोपल्याची खुशी मी गाडीत दोन दिवस पुरवून पुरवून खाल्ली.

तुझं पहिलं पत्र आलं तोवर मले काहीच माहीत नव्हतं. प्रीतमची गाय त्याच्यानंतर बसली. डॉक्टर साबनं सांगितलं की गव्हासारखं जहर नाही, पोटात गेला की सडते, आंबते. तेव्हा मी तिथंच शेणात बसलो. मागच्या पत्रात तेच लिहायले बसलो होतो. प्रीतमपर्यंत लिहिलं अन् पुढं माझं नाव लिहवलं नाही. प्रीतम माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

पाखऱ्याले मी मारलं. तू नाही. वास ओळखला नाही ती तुझी चूक असेल, पण तुले खोटं सांगितलं गेलं अन् खरं सांगणारा गाडीत झोपला होता. तू राजीनामा फाड. मोठेबाबाले हे पत्र वाचून दाखव. त्याले म्हणजो, तोंड तिच्यापासून नको फिरवू, माझ्यापासून फिरव.

लोभ राहील का नाही, हे या खेपेले तुझ्यावर सोडतो.

चंदन


मोर्शी,
३ डिसेंबर २०२५

चि. चंदनास,

आशीर्वाद.

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं. मी ते उभ्यानं वाचलं, मग गोठ्यात गेले. लाल्या अजून खुंट्याच्या आपल्याच बाजूला उभा राहतो, दुसरी बाजू मोकळी सोडतो. मोठेबाबा त्याला खरारा करत होते. त्यांना पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून.

ते थांबले नाहीत, खरारा करतच राहिले. मग लाल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की त्यांना ठाऊक होतं. ते ओसरीतल्या बाजेवर होते. तू टोपलं नेलंस ते त्यांनी पाहिलं. सकाळी मी विचारलं तेव्हा ते तोंडाशी आलं होतं, पण तू वाटेत होतास. निघालेल्या पोराच्या मागं हाक मारत नाहीत, त्याच्या नावानं वाईट बोलत नाहीत, हे ते लहानपणापासून पाळत आलेत. वाटलं, गहू तर अन्न आहे, अन्नानं काय होते. पाखऱ्या गेल्यावर त्यांना उमगलं, आणि मग माझ्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. तीन महिने मी ज्याला राग समजले, ती त्यांची लाज होती. हे सगळं त्यांनी लाल्याला सांगावं तसं सांगितलं. माझ्याकडे तेव्हाही पाहिलं नाही.

मी घरात आले. पर्समधली चिठ्ठी काढली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा फोन चालू केला. पलीकडे कुणी बाई होत्या, परभणीकडच्या. अर्धा तास मी नुसती रडले. त्यांनी मध्ये फक्त एकदा विचारलं की पाणी प्यायलात का.

राजीनामा फाडला नाही. खणातच आहे. पण एक तारखेला दवाखान्यात हजर झाले. पहिल्याच दिवशी शेजारच्या वस्तीतून बोलावणं आलं. एक कालवड बसलेली, दात खात होती. काय खाल्लं विचारलं, सगळे म्हणाले, रोजचाच चारा. या वेळी मी आणखी एक विचारलं. कालपासून या घरातून कोण बाहेरगावी गेलं? मग घरातली आई म्हणाली की तिची पोरगी शालू काल सकाळीच नांदगाव पेठला कामावर गेली, पण तिला आता मागून कशाला टोकायचं. मी तिचा नंबर घेतला आणि त्यांच्यासमोर फोन लावला. शालू आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. ज्वारीची कणसं दिली होती, निघताना, लाडानं.

कालवड उभी राहिली. मला आनंद झाला नाही. घरी येऊन पाखऱ्यासाठी पहिल्यांदा पोटभर रडले.

चंदन, तू लिहिलंस ते बरं केलंस. उशिरा लिहिलंस, तरी लिहिलंस. माझा राग आहे, तुझ्यावर आहे, मोठेबाबांवर आहे, त्या वासावरही आहे. तो एकदम जायचा नाही. फोन आता चालू असतो, पण तू करू नकोस. तुझा आवाज ऐकायला मला अजून दिवस लागतील. तोवर पत्रं लिही, चुकांसकट.

या घरात निघालेल्याला कुणी मागून हाक मारत नाही. मी मारीन. ऐकू आली की आहेस तसा मागं वळ.

माया आहे. ती कुठं जायची नाही.

तुझी ताई,
वर्षाली