स्वगताची नऊ मिनिटं

३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. (मार्चमध्येही सुरू केली होती. मार्चमध्येच राहिली.) कारण: माझी नाटकाबद्दलची मतं कुठेतरी नोंदली गेली पाहिजेत. घरात कुणी ऐकून घेत नाही.

आपलं छोटं थिएटर. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल, सत्तर खुर्च्या. स्टेज जमिनीलगतच, पहिल्या रांगेने पाय आत घेतले नाहीत तर नट अडखळतो. गेली चार वर्षं दिग्दर्शक प्रत्येक रंगीत तालमीला मला स्वतः फोन करतो. पहिली रांग, मधली खुर्ची. एवढ्या गावात मलाच का, हे मी विचारत नाही. बत्तीस वर्षं विजेचे मीटर तपासतोय. खोटं रीडिंग मला लांबून कळतं, नाटकाचंही तसंच.

मी डोळे मिटून ऐकतो. बायकोला ती झोप वाटते. वाटो.

४ नोव्हेंबर, सोमवार.
कन्या नव्या नाटकात आहे! दोन वर्षं याच ग्रुपमध्ये कपड्यांना इस्त्री केली, विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं, आणि आता एकदम नऊ मिनिटांचं स्वगत. एकटी, खुर्चीवर बसून. दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, घरी आली की बाथरूममध्ये पाठांतर. दाराला कान लावला. नळच ऐकू आला.
शनिवारी रंगीत तालीम. एक शब्द सोडणार नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार.
तालीम झाली. फार वरचं काम. कन्या खुर्चीवर येऊन बसली, पहिलं वाक्य इतकं सुंदर घेतलं की मी डोळे मिटले. मग एकदम टाळ्या. नऊ मिनिटं कशी गेली कळलंच नाही.
घरी तिला म्हटलं, लाजवाब. पॉज विशेष आवडले. नुसती बघत राहिली माझ्याकडे. भारावली असावी.

१० नोव्हेंबर, रविवार.
स्वगत कापलं. अख्खं.
कन्या स्वयंपाकघरात रडत होती. कोण कापणार, बघतोच त्याला, चांगली खरडपट्टी काढतो, म्हणून मी चपला घातल्या. तेव्हा तिने सांगितलं. म्हणे शेवटच्या रांगेत एकजण वही घेऊन बसतो. माझी मान कधी पडते, ती वेळ लिहून घेतो. जिथे मान पडली तो प्रसंग ढिला समजायचा आणि काढून टाकायचा. चार वर्षं हेच चाललंय. ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक.
मग तू आधी का बोलली नाहीस, विचारलं. म्हणाली, तालमीचा फोन आला की तुम्ही केवढे खुशीत असायचात. आणि तिला वाटलं होतं, तिच्या वेळी तरी मी जागा राहीन.
चपला काढल्या. जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)

११ नोव्हेंबर, सोमवार.
हाफ डे टाकून दिग्दर्शकाला गाठलं. म्हटलं, अहो, मी कुठेही झोपतो. मीटिंगमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, स्वतःच्या लग्नातसुद्धा. माझ्या झोपेला काडीची अक्कल नाही. तो ऐकायलाच तयार नाही. म्हणे, काका, नम्रपणा पुरे. गेल्या वेळच्या विनोदी नाटकात तुम्ही तीनदा झोपलात, तिन्ही जागा कापल्या आणि नाटक धो धो चाललं. तुमचं रीडिंग चुकत नाही.
आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या जाणकारीला मान दिला, आणि मीच हात जोडून सांगतोय की बाबा रे, हा मीटर बिघडलेला आहे!
शेवटी कसाबसा कबूल झाला. रविवारी स्वगतासकट आणखी एक तालीम. मी जागा राहिलो तर स्वगत राहील.
राहणारच. त्यात काय.

१६ नोव्हेंबर, शनिवार.
संकल्प: आज लवकर झोपणे. उद्या दुपारी जेवण बंद. चार कप कॉफी. खिशात टाचणी. कन्येला म्हटलं, निश्चिंत राहा. ती हसली नाही, पण थर्मास तिनेच धुऊन ठेवला.

१७ नोव्हेंबर, रविवार.
जागा होतो! हे आधी नोंदवतो. टक्क जागा. कॉफी पाच कप (चार ठरले होते, एक शंकेखातर). कन्या येऊन बसली. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. माझे डोळे उघडे आहेत हे तिला दिसलं, चेहरा असा खुलला पोरीचा!
आणि तिसऱ्या वाक्यालाच कॉफीने तगादा लावला. आवरलं. पाय आवळले. टाचणी टोचून घेतली, तर घाई उलट वाढली. या थिएटरात बाथरूमला जायला वाट एकच: स्टेजवरून, नटांच्या मागून, डाव्या दाराने. वाकून गेलो, कुणाला दिसू नये म्हणून. फ्लशसुद्धा ओढला नाही. पण कडी अडकली. आतून ढकलतोय, खेचतोय, हाक मारायची सोय नाही. शेवटी कुणीतरी बाहेरून दार ओढलं तेव्हा टाळ्या चालू होत्या.
दिग्दर्शक म्हणाला, झोपायचात तरी बसून असायचात, काका. आज तर उठूनच गेलात. याहून स्पष्ट मत काय द्यायचं माणसाने?
पुष्कळ समजावलं. इलाज चालला नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार.
पहिला प्रयोग, दुपारचा. हाउसफुल. कन्या आली, खुर्चीवर बसली, अंधार झाला, खुर्ची उचलली. एवढंच.
मी पूर्ण नाटकभर जागा होतो. एकदाही डोळा लागला नाही. बाहेर पडताना लोक म्हणत होते, किती सुटसुटीत नाटक आहे. मला फार वाईट वाटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.
सकाळी धीर करून कन्येला म्हटलं, मला ऐकव ना. घरी, एकट्याला. आधी नको म्हणाली. मग ओले हात पुसले, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून समोर बसली. हिने गॅस बंद केला. सकाळचे दहा, लख्ख उजेड, आठ तास झोप झालेली, कॉफीचा थेंब नाही, बाथरूम हाताशी. सगळा बंदोबस्त चोख. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होतो. पहिलं वाक्य ओळखीचं होतं, दुसरंही. तिसऱ्यात 'बाबा' असा शब्द आला, इतकं नक्की आठवतं.
जाग आली तेव्हा पावणेबारा. अंगावर चादर होती. कन्या प्रयोगाला निघून गेलेली.
हिला विचारलं, कुठपर्यंत म्हणून थांबली?
ही म्हणाली, थांबली नाही. शेवटपर्यंत म्हणाली. तुमची झोप मोडू नये म्हणून आवाज तेवढा बारीक केला.