कुठले पिकअप घ्यावेत, याचं उत्तर

१४ मार्च

प्रिय दादा,

तीन वर्षं पत्र नाही, फोन नाही, तुझ्या पन्नाशीलाही नुसता मेसेज टाकला. या गप्प बसण्याबद्दल मनापासून माफी मागते. पुढे जे लिहिणार आहे त्याबद्दल मागणार नाही. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आम्ही बरे आहोत. लेकीची परीक्षा संपली. माझी प्रयोगशाळेतून कार्यालयात बदली झाली, म्हणजे आता दुसऱ्यांच्या चुका तपासते.

आता तुझा प्रश्न. पत्र वहिनीही वाचेल, म्हणून आधी तिच्यासाठी. वहिनी, गिटारच्या तारांखाली जे दोन चपटे धातूचे डबे दिसतात ते पिकअप. तारेची थरथर तेच पकडतात आणि स्पीकरकडे धाडतात. एकेका डब्यात केसासारख्या तारेची दोन वेटोळी असली की तो हंबकर. तुझ्या नवऱ्याला जुन्या धाटणीचे हंबकर बसवायचे आहेत. तीन सेट निवडून त्याने मला लिहिलंय, "तूच सांग, तुझे कान चांगले." इतकी वर्षं हे कान कुठे गेले होते कोण जाणे.

पहिला सेट नको. तारेचे वेढे फार, आवाज मोठा पण ठोकळ्यासारखा. दुसरा वाईट नाही, पण तो मेणात बुडवून काढलेला आहे. आवाज वाढवला तरी स्पीकरमधून शिट्टी मारणार नाही, पण जरा झोपाळू वाटेल. तिसरा घे. मेण नाही, मॅग्नेट सौम्य, आणि दोन वेटोळी मुद्दाम थोडी कमीजास्त गुंडाळलेली. जुन्या आवाजाला जी किनार असते ती त्यातूनच येते. आपल्या गिटारच्या मूळ पिकअपच्या सगळ्यात जवळचा तोच. मूळच्यांचा विद्युतरोध असा: नेककडचा, म्हणजे दांड्याजवळचा, सात पॉइंट चार किलोओहम, तळाच्या ब्रिजकडचा आठ पॉइंट एक.

तू म्हणशील, हिला आकडे कसे आठवतात? आठवत नाहीत. आज सकाळी मोजले.

एवढं लिहून मी उठले, भांडी घासली, परत येऊन बसले. वाक्य खोडलेलं नाही.

पण आधी तुझ्या त्या क्लिपबद्दल. जुन्या कॅसेटचा तुकडा पाठवून तू लिहिलंस, "मला माझा हा आवाज परत हवाय." तुझा? दादा, चाळिसावा सेकंद ऐक. ताणलेली तार बोटाखालून निसटते आणि मागून आई ओरडते, "अगं हळू, दादा झोपलाय!" तू वाजवत नव्हतास. तू शेजारच्या खोलीत घोरत होतास. वाजवत होते मी, माझ्या गिटारवर.

दोन दिवस वाटत राहिलं की तू थाप मारतोयस. मग लक्षात आलं, तुला खरंच तसं वाटतं. त्याचा राग जास्त आला. थाप मारणाऱ्याला निदान वस्तू कोणाची ते माहीत असतं.

मी उगाच चिडतेय का, हे बघायला अकरा वर्षांपूर्वीची डायरी काढली. माझं मनगट मोडलं होतं. तू भेटायला आलास आणि म्हणालास, "पोरगी लहान आहे, गिटारची वाट लावेल. हात बरा होईपर्यंत मी नेतो." शब्द तुझेच, तेव्हाच लिहून ठेवलेले. हात चार महिन्यांत बरा झाला. मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा तुझा कार्यक्रम होता. दुसऱ्यांदाही होता. तिसऱ्यांदा तू हसलास. "अगं, नोकरी, पोर, घर. तू वाजवणार कधी?" मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला तुझ्या प्रश्नापेक्षा जास्त चीड येते.

आता माझं सांगते. तू रविवारी गिटार न्यायला येणार होतास. शुक्रवारी मी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती दुरुस्तीवाल्याकडे नेली, ज्याला आपण डॉक्टर म्हणायचो. म्हटलं, मूळचे पिकअप काढा आणि तसेच दिसणारे साधे बसवा.

"भावाला सांगणार?" त्याने विचारलं.

"त्याने विचारलं तर सांगेन."

"मग निवांत राहा. त्याला फक्त स्वतःचं ऐकू येतं."

अकरा वर्षं तू साध्या पिकअपवर वाजवतोयस आणि गिटार म्हातारी झाली म्हणून तिलाच नावं ठेवतोयस. मूळचे माझ्या कपाटात आहेत, लोकरी मोज्यात गुंडाळलेले. म्हणजे तू गिटार परत देणार नाहीस हे मी तू नेण्याआधीच ठरवून टाकलं होतं. हा तुझ्यावर अन्याय होता का? तेव्हा होता. पुढच्या अकरा वर्षांत राहिला नाही. तरी फसवलं ते फसवलंच, आणि ते मी केलं. त्याबद्दल तुला हवं ते बोल, मी ऐकून घेईन.

काल दुपारपर्यंत माझा बेत होता की पिकअप तुला पाठवून मोकळं व्हावं. पार्सल बांधलंही. मग क्लिप पुन्हा लावली आणि पार्सलची दोरी कापली.

पिकअप तुला मिळणार नाहीत. मला गिटार हवी आहे. कार्यक्रम कधी आहे ते सांगू नकोस. मी कधी वाजवणार तेही विचारू नकोस. कदाचित बोटं वळणारच नाहीत आणि ती भिंतीला टेकून राहील. माझ्या भिंतीला राहील. तिसरा सेट खरंच चांगला आहे, त्यात मी तुला फसवलेलं नाही. तो तू विकत घेशील त्या गिटारला लाव.

वहिनीला हे मोठ्याने वाचून दाखव. मधली वाक्यं गाळू नकोस.

माझी वस्तू मागणारी,
तुझी धाकटी बहीण

उद्याचं काम, डायरीत लिहिलंय तेच इथेही: गिटारच्या मापाचं रिकामं खोकं, आत फोम, परतीसाठी माझा पत्ता चिकटवून, दादाकडे रवाना करणे.