आठव्या दिवशीचं नाव

४ मार्च
नातू झाला! मुलानं फोनवर एवढंच सांगितलं आणि रडत बसला. आनंदानं माणूस इतका वेळ रडतो? रडत असेल.

५ मार्च
मुलगा येऊन गेला. आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी, बाळाला माझंच नाव द्यायचं, असा सुनेचा हट्ट आहे. पण आमच्या ज्यू घरात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, माझा आठवडाही निघायचा नाही. म्हणजे गेलो तर वेळेवर जायला हवं! जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, स्वतः कुठे वेळेवर पोचलो नाही.

६ मार्च
माझं नाव मनहेम. हिब्रू नाव. अर्थ – धीर देणारा, सांत्वन करणारा. या नावाचा एक राजा होऊन गेला, तो महाक्रूर!
माझ्या आधीचा भाऊ दोन वर्षांचा होऊन गेला, म्हणून आईनं मला हे नाव दिलं. ती मला जवळ घ्यायची ते रडण्यासाठीच. माझा हात मोडला तेव्हाही मीच म्हणालो, आई, रडू नकोस. सगळं लहानपण तिची समजूत काढण्यात गेलं.
हे ओझं त्या पोराच्या गळ्यात? दुसरं नाव ठेवा म्हटलं, तर मुलगा म्हणतो, तिच्यापुढे हा विषयच काढू नका. ठीक. मग नाव ठेवून होईपर्यंत मी मरत नाही.

९ मार्च
दोन चमचे दूध. श्वास पुरत नाही. टिकलोय.

१० मार्च
बाळ पिवळं पडलंय. सुंता पुढे ढकलली, म्हणून नावही – किती दिवस, कोण जाणे. आता आली का पंचाईत!

११ मार्च
सून बाळाला घेऊन आली. पिशवीतून टोपी काढताना तशीच दुसरी खाली पडली. ती तिनं घाईनं आत कोंबली. दोन कशाला, मी विचारलं. मुलगा खिडकीकडे वळून म्हणाला,
"दोघं होते, बाबा. मोठा रडलाच नाही. तुम्हाला सांगवेना."
त्याला बिननावाचाच पुरला. तिला धीर देणारा हवा होता. मला वाटत होतं, सगळं माझ्यासाठी चाललंय! बाळाला छातीशी धरून ती रडत राहिली, अगदी माझ्या आईसारखी.

१२ मार्च
मुलाला सांगितलं, माझं नाव मोठ्याला द्या. तो म्हणाला, पण तुम्ही अजून – . म्हटलं, त्याला आता काय बाधणार? धाकट्याला नवं शोधा, कुणाचंच नसलेलं.
आणि माझी जागा मोठ्याच्या शेजारी धरा. धीर देणं मला येतं.