जन्मतारखेचा रकाना

८ जुलै १९९०, रविवार
विद्यापीठाच्या कॉम्प्युटर डिप्लोम्याला नाव घातले. खामगावच्या कॉलेजात दर रविवारी वर्ग. विषय डेटाबेस आणि एसक्यूएल. नांदुऱ्याच्या बाजार समितीतला हे शिकणारा मी पहिलाच कारकून. बाकीच्यांनी विचारही केलेला नाही.
कारण उघड आहे. समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचा मी मानद चिटणीस. रजिस्टरे चार, नोंदी सहाशे. कोणी स्थळ विचारायला आले की बोटाला थुंकी लावून सगळी पाने उलटायची. आता हे सगळे मशीनमध्ये जाणार. अटी सांगा, स्थळ हजर.
आईने विचारले, "मोतीराम, दुसऱ्याइचे लग्नं जुळवून राह्यला, तुह्या लग्नाचं काय?" संस्थेचे काम तिला कळत नाही.

२२ जुलै
फसवणूक. माहितीपत्रकात 'प्रत्येकास प्रत्यक्ष अनुभव' छापले होते. मशीन एक, विद्यार्थी अठरा. खोलीत एसी, चपला बाहेर काढायच्या. महिन्यातून एकदा मशीनला हात लागणार, तोवर एसक्यूएल वहीत लिहायचे. सिलेक्ट म्हणजे काय हवे, फ्रॉम म्हणजे कोणत्या टेबलातून, व्हेअर म्हणजे अटी. हे मी दहा वर्षे रजिस्टरात करतोच आहे.
वर्गात नांदुऱ्याची आणखी एक आहे. मंजुळा, रंगरावांची मुलगी. बी.कॉम., वय पंचवीस, आमच्याच समाजाची. मंडळात नाव नोंदलेले, तेही माझ्याच अक्षरात. ही माहिती केवळ नोंदीसाठी.

१२ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. मंजुळेला माझ्याइतके योग्य स्थळ चार रजिस्टरांत नाही. पण चिटणिसाने स्वतःच मागणी घातली तर लोक म्हणतील, कुंपणच शेत खाते. म्हणून यंत्राने सांगावे. परीक्षेत आपले काम मशीनवर सगळ्यांसमोर चालवून दाखवायचे असते. त्या दिवशी रंगरावांना मशीनसमोर बसवायचे, त्यांच्याच अटी टाकायच्या आणि पडद्यावर माझे नाव. यंत्राला कोण नाही म्हणणार?
आईला योजना सांगून चूक केली. म्हणाली, "काऊन बे, मशिनीच्या तोंडून मांगणी घालून राह्यला का? सरळ रंगरावकडे जाय, चहा पे, इचार." घरातूनच पाठिंबा नाही.

९ सप्टेंबर
परतीच्या बसने दगा दिला. आलीच नाही. कडूबा भेटला. आमच्या गल्लीतलाच, समाजाचाच, मॅटॅडोरमध्ये कोबी-वांगी घालून खामगावला आणतो. पुढे एकच जागा होती. मी ती मंजुळेला दिली आणि मागे रिकाम्या पोत्यांवर बसलो. सभ्यपणा बोलून दाखवावा लागत नाही. तिच्या लक्षात आले असणारच.

१८ नोव्हेंबर
आता दर रविवारी कडूबाचीच गाडी. मी मागे. मागच्या काचेतून दिसते, दोघे सारखे बोलत असतात. म्हणजे हा कोबीचे भाव सांगत असणार. बिचारी हसून साजरे करते.
मंडळाच्या नोंदी मशीनमध्ये भरणे चालू, परीक्षेसाठी आम्हा दोघांचे काम हेच. मी वाचतो, मंजुळा टाईप करते. (मीही करतो, पण अक्षर सापडेपर्यंत सर जांभया देतात.) सरांनी आज अडवले. निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून कशी, म्हणे, चूक आहे, दुरुस्त करा. त्यांना समजावले की चूक नाही. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवत नसे, मग गुरुजी १ जून टाकत. अर्धा तालुका एकाच दिवशी जन्मला आहे.

९ डिसेंबर
माझी नोंद भरली. उंची, शिक्षण, कायम नोकरी, निर्व्यसनी (सुपारी धरत नाहीत), लग्नानंतर मुलीला नोकरी करू देणार: हो. या रकान्यात 'हो' म्हणणारा सबंध मंडळात मी एकटाच. उरली जन्मतारीख. दाखल्यावर १ जून १९५३. आईच्या हिशेबाने त्याच्याही आधीची. पण मला समोर बघून कोणीही १९५८ म्हणेल. चिटणीस या नात्याने खोटे लिहिणार नाही. खरे लिहायची घाईही नाही. रकाना रिकामा ठेवला. रिकामा म्हणजे खोटा नव्हे.
यंत्र तपासायला एक नमुना नोंदही हवी होती. कडूबाचे नाव दिले. जन्म १९६२, बागायत सहा एकर, स्वतःची विहीर. मुलीच्या नोकरीच्या रकान्यात मी काही सांगायच्या आत मंजुळेने 'हो' टाईप केले. घाईत असेल. ही नोंद परीक्षेआधी काढून टाकायची. विसरू नये.

६ जानेवारी १९९१
सरांनी दोन तास रिकाम्या रकान्यावर घेतले. त्याला नल म्हणतात. ज्यात काहीच नाही त्यावर दोन तास! मी जाऊन कचोरी खाल्ली.
गाडीत चढताना मंजुळा म्हणाली, "तुमची जन्मतारीख रिकामी हाय. भरून टाका ना." माझ्या वयात तिला रस आहे. योजना रंग धरते आहे.

१० मार्च
आज तिने तिसऱ्यांदा सांगितले. शिवाय नलच्या तासाची वही देऊ केली. मी नुसता हसलो. काही गोष्टी लगेच उघड करायच्या नसतात.
नमुना नोंद काढायची राहिली. पुढच्या रविवारी नक्की.

७ एप्रिल, दुपारी ४
परीक्षा झाली.
रंगराव आले, जोडे बाहेर काढून, उपरणे घट्ट गुंडाळून एसीत बसले. बाहेरचे परीक्षक, सर, सगळा वर्ग. मी अटी मोठ्याने वाचल्या: वय पस्तिशीच्या आत, कायम नोकरी किंवा स्वतःची विहीर, गाव वीस किलोमीटरच्या आत, मुलीला नोकरी करू देणारा. शेवटची अट मंजुळेची. तिनेच टाईप केले. मी रंगरावांच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिलो.
एकच नाव आले. कडूबा.
परीक्षक म्हणाले, वा. वर्गाने टाळ्या वाजवल्या. रंगरावांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "तुह्या मशिनीनं माह्यं काम केलं रे बाबा." बाहेर कडूबा मॅटॅडोर पुसत होता. त्याला कोणी काही सांगण्याआधीच तो हसला.

८ एप्रिल
सरांना जाब विचारला. माझी पात्रता काय कमी होती? सर म्हणाले, "जन्मतारीखच नाही, तर पस्तिशीच्या आत आहे की बाहेर हे मशीन कसं सांगणार? रिकामा रकाना कुठल्याच अटीत बसत नाही. सहा जानेवारीला दोन तास हेच शिकवलं." कचोरीच्या वेळेला मुद्दाम महत्त्वाचे शिकवले, हा उघड कट आहे.
सगळ्यांनी मिळून केसाने गळा कापला. मंजुळेने 'हो' टाईप केले. कडूबा तर अस्तनीतला निखारा, आणि त्याची नोंद मीच घातली. मशीनवर विश्वास ठेवला, तर मशीननेही सात महिने पोत्यांवर बसलेल्या माणसाला ओळखही दाखवली नाही.


१२ मे
लग्न झाले. जाणार नव्हतो. चिटणीस म्हणून गेलो. वऱ्हाड कडूबाच्याच मॅटॅडोरने निघाले. जागा मागेच मिळाली, पोत्यांऐवजी रुखवताची भांडी.
जेवताना रंगराव शेजारी बसले. स्वतःसाठी कधी स्थळ पाहिले का, असे विचारले. मी म्हणालो, वयात जरा अडते. म्हणाले, "वयाचं काय हाय? ते अट म्या अशीच टाकली होती. तू इचारलं असतं त काढली असती, पोरीलेही इचारलं असतं. तुह्यं घर काय मले माहीत नाही? पन तू कधी बोललाच नाही." मग त्यांनी मला आग्रहाने आणखी एक जिलबी वाढली. ती मी पानातच ठेवली.

१९ मे, रविवार
जुळलेल्या नोंदी काढायला खामगावला गेलो. बसने. चपला बाहेर काढल्या. मंजुळा काढली, कडूबा काढला. हे काम मात्र मी स्वतः, एकेक अक्षर शोधून केले.
मग माझा रकाना भरला. १ जून १९५३. रंगरावांच्या अटी पुन्हा टाकल्या. एकही नाव आले नाही. म्हणजे तारीख भरली असती तरी मी आलो नसतो. दीड महिना ज्या रिकाम्या रकान्याला शिव्या दिल्या, त्याचा काही दोष नव्हता.
शेवटी वयाची ओळ तेवढी खोडली आणि परत विचारले. माझे नाव आले, एकटेच. मी खोलीत इकडेतिकडे पाहिले. दाखवायला कोणी नव्हते.
घरी आईने विचारले, "काय म्हने मशीन?" म्हणालो, माझी नोंद आता पुरी आहे. ती म्हणाली, "बरं झालं. पन सांगशीन कोनाले?"