नाताळच्या तिखट करंज्या

बाई, खालच्या मजल्यावरची पोरगी काल वर आली आणि दारातूनच म्हणाली, "आजी, ख्रिसमस म्हणजे काय गं? उद्या वर्गात सांगायचंय." मी तुमचंच सांगून मोकळी झाले. कुंडलच्या शाळेत, सातवीच्या फळ्यावर तुम्ही दोन शब्द लिहिले होते. नाताळ आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, त्याचा अर्थ जन्म. ख्रिसमस इंग्रजांचा, म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा. "आणि मिस्सा म्हणजे भाकर मोडून सगळ्यांनी मिळून खायची, ती उपासना," तुम्ही म्हणालात. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आन् बाई, एकट्यानंच खाल्ली तर?" तुम्ही हसलात. "तर ते नुसतं जेवण झालं, बाळ." पोरगी खूश होऊन गेली, आणि मी मात्र तिथंच बसून राहिले. हे गेले, लेक पुण्याला. सांगलीतल्या या तीन खोल्यांत मी रोज नुसतं जेवण करते. वरण कमी पडेल का, ही काळजीच उरली नाही.

तुम्ही तर कुंडलात चौदा वर्षं एकट्या जेवलात. गावात ख्रिस्ती घर तुमचं एकच, तेही भाड्याची एक खोली. नाताळच्या दिवशी सकाळी मिरजेला उपासनेला जाऊन दुपारच्या एसटीनं परत यायचात, आणि आठ-दहा घरांना फराळाचे डबे धाडायचात. आमचा डबा माझ्या हाती. आमच्यात तुमच्या हातचं चालत नव्हतं, बाई. ते सगळं म्हशीच्या पाटीत जायचं. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून मी त्यात मूठभर शेंगा घालून आणायची, आणि तुम्ही त्या शेंगांचंही कौतुक करायचात. मेलं, तेव्हा कसं काही वाटलं नाही!

मग ते वर्ष. सुट्टी संपून शाळा भरलीय, तुम्ही हजेरी मिटता आणि मला जवळ बोलावता. "करंज्या आवडल्या का गं घरी?" मी ठोकून देते, "लय ग्वाड झालत्या, बाई. आईनं मुद्दाम सांगाय लावलंय." तुम्ही माझ्याकडे बघता. मग माझी सुटलेली रिबीन नीट बांधता आणि म्हणता, "बरं झालं." दुपारी शाळेचे शिपाईमामा गुरुजींना सांगत होते, "औंदा बाईंनी मटार घालून तिखटाच्या करंज्या केल्त्या बगा, एक नंबर!" म्हणजे माझं खोटं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. वाटलं, आता छडी बसणार, निदान चार शब्द तरी. काही नाही. पुढच्या नाताळलाही तुम्ही डबा माझ्याच हाती दिलात आणि हळूच म्हणालात, "गोड आहेत हां यंदा." बाई, तुम्ही मला मारायला हवं होतंत.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. हे पत्र कुठं टाकायचं तेही ठाऊक नाही, तेव्हा ते उशाखालीच राहील. पण वर एक खोटं लिहिलंय, ते तसंच ठेवून झोप लागायची नाही. "आमच्यात चालत नव्हतं" हे मी लग्नानंतर यांना सांगितलं, लेकीला सांगितलं, आत्ता तुम्हालाही सांगितलं. डबा हातात दिसला की गल्लीतल्या पोरी "बाटली गं बाटली, किरिस्ताव झाली" करून मागं लागायच्या, म्हणून शेजारच्या गोठ्यात तो मीच ओतत होते. घरी कुणाला पत्ताच नव्हता. दरवर्षी नाताळच्या संध्याकाळी आई चुलीपुढून विचारायची, "का गं, समद्यांच्यात बाईंचा डबा आला, आपल्यात न्हाई व्हय?" आणि मी म्हणायची, "न्हाई."