एकशेवीस-ऐंशी

३ जुलै

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

फोन न करता कागदावर लिहितेय, कारण दिवसभर स्क्रीनकडे बघून बघून मोबाइलची शिसारी आलीय. साथीमुळे आमचं नर्सिंग कॉलेज अजून घरातच भरतंय. मॅडम पुस्तकाचं पान दाखवून तेच वाचतात आणि निम्म्या मुली कॅमेरा बंद करून भांडी घासतात. मीही घासलीत, खोटं कशाला बोलू!

प्रात्यक्षिकाची तऱ्हा तर ऐकच. पेशंट म्हणजे बाबांचा जुना शर्ट घातलेली उशी. तिची कूस बदला, तिला इंजेक्शन द्या. बीपीचं मशीन कुणाकडेच नाही, म्हणून शर्टाच्या बाहीला ओढणी गुंडाळायची, जरा थांबायचं आणि एकशेवीस-ऐंशी म्हणायचं. सगळ्याजणी तेच म्हणतात. परीक्षेतही तेच म्हटलं आणि पैकीच्या पैकी मार्क पडले. किळस येते गं स्वतःची.

आता कॉलेज विचारतंय, की या ऑनलाइन शिक्षणाने तुम्ही किती समाधानी आहात. वर मॅडमचा निरोप, की सगळ्यांनी 'पूर्ण समाधानी' असंच नोंदवायचं, नाहीतर वॉर्डात ड्युटी मिळणार नाही आणि वर्ष बुडेल. बाबा म्हणतात, खूण कर आणि हो मोकळी, तुझं काय जातंय? तू इतकी वर्षं वॉर्ड सांभाळतेस, तूच सांग काय करू.

आई तुझी रोज आठवण काढते. माझ्या या कडू पत्राने लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठमी


११ जुलै

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे उशीची कूस बदला! उशी अंगावर ओकत नाही, म्हणावं तुमच्या मॅडमना.

तुमच्याच कॉलेजची, तुझ्या पुढच्या वर्गातली एक मुलगी माझ्या वॉर्डात आलीय. एका आजोबांचं बीपी बघ म्हटलं, तर तिने पट्टा बांधला, स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवला आणि म्हणाली, एकशेवीस-ऐंशी. आजोबांचा हात थंडगार लागला म्हणून मी स्वतः बघितलं, तर बीपी पार खाली गेलेलं. धावाधाव केली म्हणून वाचले. तिला झाडायला गेले तर रडत म्हणाली, की परीक्षेत एवढंच म्हणायचं असायचं. अगं, पोरगी लबाड नव्हती. तिच्या तोंडाला वळणच तसं लागलं होतं.

तू खरं तेच नोंदव. भावोजी फुगतील, फुगू देत. माझं जुनं बीपीचं मशीन पार्सलने पाठवतेय. घरातल्या एकेकाचा हात धर. ठोके ऐकू आले नाहीत तर आले नाहीत म्हण, पण मनचा आकडा सांगितलास तर मला मावशी म्हणू नकोस.

ताईला सांग, तब्येत सांभाळ म्हणावं. रागावले तरी माया तीच आहे.

तुझी
मावशी


२ ऑगस्ट

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

'अजिबात समाधानी नाही' असं नोंदवलं. संध्याकाळीच बाबांना मॅडमचा फोन आला, की मुलगी उद्धट आहे, तिची ड्युटी थांबवलीय. बाबांनी माझ्याशी अबोला धरला.

तुझं मशीन आलं. आधी आईचा हात धरला. काहीच ऐकू येईना, तसं सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे मी गेले वाटतं! मग हळूहळू कानाला ठोके कळायला लागले. राहिले बाबा. आईने दटावल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड करून एकदाचा हात पुढे केला.

एकशेनव्वद-एकशेदहा. माझंच चुकलं असेल म्हणून दुसऱ्या हाताचं घेतलं. तेवढंच. किती आलं म्हणून बाबा खेकसले आणि मावशी, शपथेवर सांगते, माझ्या जिभेवर एकशेवीस-ऐंशी आलं होतं. म्हटलं असतं तर कटकट मिटली असती. इतकी घाण वाटली स्वतःची! मग खरा आकडा सांगितला. मशीन भंगारातलं आहे म्हणाले. आईने आणि मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं, तिथेही तेच निघालं. असंच अंगावर काढलं असतं तर एक दिवस उचलूनच आणावं लागलं असतं, म्हणाले डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्यात.

माझी ड्युटी अजून थांबलेलीच आहे, वर्ष बहुतेक जाणार. आणि काल कॉलेजने सगळ्यांना निकाल पाठवला, की शंभर टक्के विद्यार्थिनी पूर्ण समाधानी. माझं उत्तर गिळलं मेल्यांनी! बाबांनी तो निकाल पुन्हा पुन्हा वाचला. मग स्वतःहून मॅडमना फोन लावून एवढंच म्हणाले, की त्यात माझ्या मुलीला धरू नका. फोन पालथा ठेवला, बाही वर केली आणि माझ्यापुढे हात करून म्हणाले, असेल ते सांग.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी
ठमी

ता. क. आज एकशेसाठ-शंभर होतं. तेवढंच सांगितलं.