मावशी उपाशीच गेली होती

रविवार, अमरावती

मावशी धोक्याबाहेर आहे. मोर्शीच्या डॉक्टरांनी आत्ताच फोनवर सांगितलं. काल साखर एकदम उतरून ती स्वयंपाकघरात पडली.

आज दुपारी मी मोर्शीच्या दवाखान्यात तिच्या खाटेपाशी होतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, मागच्या तपासणीला उपाशी आला होतात ना?

“उपाशीच आली होती ना! साबुदान्याची उसळ तेवढी खाल्ली.”

मला हसू आलं.

“काहून हासून राहिला रे? पेपरात लिहितं, अन् तुले उपास समजत नाही?”

डॉक्टर हसले नाहीत. त्या उसळीनं चढलेली साखर बघून त्यांनी गोळ्या वाढवल्या होत्या. मावशीनं एकही चुकवली नाही. सांगितलेलं सगळं तिनं ऐकलं, आणि म्हणूनच पडली. ती उसळ डोक्यातून जात नाही. ‘उपाशी’ हा शब्द मीही कितीदा लिहिला असेल?

उद्या सोमवार. तिच्या गल्लीत रक्ततपासणी आहे, आणि निरोप तोच गेलाय: उपाशीपोटी या. तिथं रक्त घेणाऱ्या सिस्टरांना फोन केला. पाण्याशिवाय काही नको, हे सांगायला त्या सकाळी घरोघर जाणार आहेत. त्या पोचेपर्यंत सोमवार धरणाऱ्या किती बायांची उसळ खाऊन झालेली असेल.